दिवस पाळायचा तर २४ जून

दर वर्षी २ जुलैला अनेक देशांत ‘जागतिक यूएफओ दिन’ पाळला जातो. आकाशात दिसलेल्या, पण ओळख न पटलेल्या वस्तूंचा हा दिवस. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या रॉझवेल शहरात तर जुलैच्या सुरुवातीला मोठा उत्सवच भरतो. १९४७ साली याच सुमारास परग्रहावरचं यान तिथे कोसळलं, अशी हजारो लोकांची श्रद्धा आहे. काही मंडळी मात्र हा दिवस २४ जूनला पाळतात. तारखेचा हा मतभेद वरवर किरकोळ वाटेल. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण जे कळलं नाही त्याच्याशी वागण्याच्या दोन अगदी वेगळ्या रीती या दोन तारखांमागे आहेत.

आधी २४ जूनबद्दल. १९४७ साली त्या दिवशी दुपारी केनेथ अर्नोल्ड स्वतःच्या छोट्या विमानातून वॉशिंग्टन राज्यातल्या चेहेलिसहून यॅकिमाकडे निघाले होते. अग्निशमन साहित्याचा व्यवसाय करणारा हा अनुभवी वैमानिक. माउंट रेनियरच्या परिसरात एक लष्करी मालवाहू विमान बेपत्ता झालं होतं, त्याचाही शोध ते जाता जाता घेत होते. एकाएकी डोळ्यांवर लखलखाट आला. पाहतात तर नऊ चकचकीत वस्तू एकामागोमाग एक डोंगररांगेवरून दक्षिणेकडे चाललेल्या. यानंतर अर्नोल्ड यांनी जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. काचेवरच्या प्रतिबिंबामुळे फसगत होत नाही ना, हे पाहायला त्यांनी खिडकी उघडली. मग विमानातल्या घड्याळावर नजर ठेवून, माउंट रेनियर आणि माउंट अ‍ॅडम्स या दोन शिखरांमधलं अंतर त्या वस्तूंनी किती वेळात कापलं ते मोजलं. एक मिनिट बेचाळीस सेकंद. हिशेबाने वेग ताशी १,७०० मैल निघत होता. आपल्या अंदाजात चूक असू शकते हे धरून त्यांनी तो ताशी १,२०० मैलांवर आणला. तोवर ध्वनीपेक्षा जास्त वेगाने कोणी वैमानिक उडालेला नव्हता. चक यीगर यांनी तो पल्ला गाठला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. ही लष्कराचीच नवी विमानं असावीत असं अर्नोल्ड यांना आधी वाटलं होतं. काय पाहिलं ते त्यांनी सांगितलं आणि ते काय होतं हे आपल्याला माहीत नाही, हेही सांगितलं. मृगजळासारखा प्रकाशाचा भास, पेलिकन पक्ष्यांचा थवा, उल्का असे अनेक खुलासे पुढे मांडले गेले. सर्वांना पटलेला एकही नाही.

आता रॉझवेल. शहरापासून सुमारे ७५ मैलांवरच्या एका कुरणाची देखभाल करणारे मॅक ब्रेझेल यांना तिथे विखुरलेला कचरा सापडला. ८ जुलैला तिथल्या लष्करी विमानतळाने ‘उडती तबकडी’ हाती लागल्याचं पत्रक काढलं. काही तासांतच फोर्ट वर्थहून जनरल रेमी यांनी खुलासा केला की हा हवामानाचा फुगा आहे. दुसऱ्या दिवशी स्थानिक वृत्तपत्रात ब्रेझेल यांची मुलाखत आली. तीत ते म्हणतात की हा कचरा आपल्याला १४ जूनला दिसला. म्हणजे २ जुलै ही तारीख मूळ साक्षीदाराच्या बोलण्यातही नाही. काय सापडलं याची त्यांनी दिलेली यादी मुळातून वाचण्यासारखी आहे: रबराच्या पट्ट्या, चांदीसारखा कागद, जाड कागद, काड्या, चिकटपट्टी, आणि फुलांची नक्षी छापलेली एक पट्टी. सगळं मिळून वजन पाच पौंडांच्या आसपास. पुढे तीस वर्षं हे प्रकरण विस्मृतीत गेलं. १९७८ मध्ये त्या वेळचे गुप्तवार्ता अधिकारी जेसी मार्सेल पुन्हा बोलू लागले, पुस्तकं आली आणि नक्षीची फुलं ही परग्रहावरची अक्षरं ठरली.

अमेरिकी हवाई दलाने १९९४ साली जे जाहीर केलं ते असं. सोव्हिएत रशियाच्या अणुचाचणीचा आवाज वातावरणातल्या एका थरातून हजारो मैल पोहोचू शकतो, या तत्त्वावर ‘मोगल’ नावाचा अतिगुप्त प्रकल्प चालू होता. फुग्यांच्या लांबलचक माळेला ध्वनिग्राहक आणि रडारला दिसावेत म्हणून काड्या-कागदाचे परावर्तक बांधून त्या माळा आकाशात सोडल्या जात. त्यातलीच एक कुरणावर पडली. फुलांची ती पट्टी परावर्तक बनवणाऱ्या कारखानदाराने वापरलेली. हे स्पष्टीकरण मला पटतं. पण ते यायला सत्तेचाळीस वर्षं लागली. रॉझवेलच्या बहुतेक अधिकाऱ्यांना ‘मोगल’ची माहितीही नसावी, त्यामुळे त्यांनी जाणूनबुजून खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही. परंतु सरकारने एकदा अर्धंच सांगितलं की पुढे पूर्ण सांगितलेलंही कोणी ऐकत नाही. २ जुलैला जो पाळला जातो तो खरं तर गुप्ततेचा वाढदिवस आहे. त्या दिवशी परग्रहवासीयांचे मुखवटे घालणाऱ्यांची चूक मला दुय्यम वाटते. मूळ दोष माहिती दडवणाऱ्यांचा.

घाईने खुलासा करणंही तितकंच घातक. हवाई दलाच्या ‘ब्लू बुक’ प्रकल्पात १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी जमल्या, त्यांतल्या ७०१ उलगडल्या नाहीत. प्रकल्पाचे सल्लागार खगोलशास्त्रज्ञ जे. अ‍ॅलन हायनेक यांनी १९६६ मध्ये मिशिगनमधल्या काही घटनांसाठी दलदलीतल्या वायूचं कारण सुचवलं, तेव्हा लोक भडकले. आपल्याला वेड्यात काढलं जातंय असं साक्षीदारांना वाटलं. एके काळी असल्या बातम्या झटकून टाकणारे हायनेक पुढे साक्षीदारांच्या बाजूने उभे राहिले, आणि त्यांच्या या बदलात मला प्रामाणिकपणा दिसतो. नासाच्या अभ्यासगटाने २०२३ च्या अहवालात परग्रहवासीयांचा पुरावा नसल्याचं सांगितलंच, पण मुख्य तक्रार केली ती चांगल्या नोंदी नसल्याची. लोक हसतील या भीतीने पाहणारे बोलत नाहीत, हेही या अहवालाने मान्य केलं.

आपल्याकडचा अनुभव ताजा आहे. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आकाशातून जळत्या रेघा सरकत गेल्या. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं पडलं. भीती होती, अफवाही उठल्या. पण शेकडो लोकांनी मोबाइलवर चित्रण केलं होतं, त्यात वेळ आणि दिशा होती, आणि कोणता अवकाश-कचरा त्या सुमारास वातावरणात शिरणार याचे हिशेब उपलब्ध होते. तो चिनी रॉकेटचा तिसरा टप्पा असल्याचं खगोलतज्ज्ञांनी लगोलग सांगितलं. हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे फुगे वर्षानुवर्षं आकाशात सोडले जातात, तेव्हा आधी वृत्तपत्रांतून जाहीर निवेदन येतं. तेलंगण, कर्नाटक, महाराष्ट्रातल्या कोणत्या जिल्ह्यांत उपकरणं उतरू शकतील, सापडली तर हात न लावता कोणाला कळवायचं, हे सगळं त्यात असतं. म्हणून आपल्या एखाद्या शेतात असं उपकरण उतरलं, तर त्याचं रॉझवेल होत नाही.

२४ जून मला म्हणूनच हवा. आपल्याकडे तेव्हा ढग असतात, आकाश दिसत नाही. पण नोंदी शिकायला आकाश कशाला लागतं? पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था, मुंबईचं खगोल मंडळ आणि गावोगावच्या विज्ञान मंडळांनी या दिवशी लोकांना बोलवावं. कधी काय दिसलं ते न हसता ऐकून घ्यावं. शुक्र, अवकाश स्थानक, एका ओळीत जाणारे स्टारलिंक उपग्रह कसे ओळखायचे ते दाखवावं. आणि एक छापील तक्ता हातात द्यावा: वेळ, ठिकाण, दिशा, क्षितिजापासूनची उंची, किती सेकंद दिसलं, आवाज होता का, सोबत कोण होतं. शेवटचा रकाना ‘काय असावं’ असा असेल. तो कोरा ठेवायची मुभा असायला हवी.