ना हरकत

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षानंतर मी कॉलेज बदललं. जिल्ह्याच्या ठिकाणचं साधं कॉलेज सोडून मोठ्या शहरातल्या, कट-ऑफ बघूनच घाम फुटावा अशा कॉलेजात गेलो. प्रक्रिया रूक्ष होती. तिकडे दुसऱ्या वर्षाला जागा रिकामी हवी, आपली एकही केटी नको, मार्क चांगले हवेत आणि जुन्या कॉलेजची एनओसी हवी. एनओसी म्हणजे ‘ना हरकत’. हरकत आहे का, हे कॉलेजला विचारतात. वर्गाला कोणी विचारत नाही.

वर्गाची हरकत असू शकते का?

जुन्या कॉलेजात शिकवणारे सर सतत बदलायचे. एका विषयाला तर जवळपास दोन महिने कोणीच नव्हतं. त्यामुळे जे शिकलो ते एकमेकांकडून, हॉस्टेलच्या जिन्यात बसून. पॉइंटर मला कळले ते एका मित्राने मेसच्या ताटात वाट्या सरकवून दाखवले म्हणून. ही वाटी म्हणजे व्हेरिएबल, आणि ही चिठ्ठी, जिच्यावर वाटीचा पत्ता लिहिलाय. पेपरात इंग्रजीत लिहिताना तो अडखळायचा, म्हणून त्याला माझ्यापेक्षा कमी मार्क पडले. ज्या सीजीपीएवर मी बाहेर पडलो, त्यात त्याच्या वाट्या होत्याच.

नव्या कॉलेजात लॅब बऱ्या होत्या, दोन-तीन प्राध्यापक खरोखर उत्तम होते. पण मोठा फरक शेजारच्या बाकावर होता. हुशार मुलं तिथे जातात म्हणून ते कॉलेज चांगलं, आणि कॉलेज चांगलं म्हणून हुशार मुलं तिथे जातात. हे चक्र पहिल्यांदा कोणी फिरवलं ते विचारू नका.

स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी 2002 मध्ये यावर एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. 1976 साली कॉलेजात गेलेल्या मुलांची त्यांनी तुलना केली. ज्यांना साधारण सारख्याच कॉलेजांनी घेतलं किंवा नाकारलं होतं, अशांपैकी काही जण जास्त अवघड कॉलेजात गेले, काही कमी अवघड. पुढच्या कमाईत एकूण फारसा फरक दिसला नाही. अपवाद होता तो कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांचा. त्यांना अवघड कॉलेजचा फायदा झाला. आपल्याकडचं कॅम्पस प्लेसमेंटचं गणित वेगळं आहे, त्यामुळे हा निष्कर्ष उचलून इथे चिकटवता येणार नाही. पण माझा पेच त्याने नीट मांडला गेला. सोबतीला काही किंमत नसेल तर मला जायची गरजच नव्हती. किंमत असेल, तर मी गेल्यावर जिन्यातल्या पोरांचंही काहीतरी गेलं. जाण्याचं समर्थन ज्या कारणाने करायचं, त्याच कारणाने मागच्यांचं नुकसान होतं.

म्हणून थांबायला हवं होतं का? मला नाही वाटत. शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरणं हे फी घेणाऱ्यांचं काम आहे. एकोणीस वर्षांच्या पोराने, ज्याच्या बापाने शैक्षणिक कर्ज काढलंय, त्या भोकाला बूच म्हणून बसावं ही अपेक्षा अन्यायाची आहे. गावातल्या डॉक्टरला, शिक्षकाला आपण हेच ऐकवतो, आणि ऐकवणारे बहुतेक वेळा स्वतः शहरात राहतात. मात्र ‘मी माझ्या मेहनतीवर गेलो, कोणाचं काय गेलं’ हेही मला पटत नाही. काही वाईट न वागताही देणं लागू शकतं.

ते कुठे फेडायचं, हा प्रश्न हल्ली ऑफिसात समोर येतो. फ्रेशर घ्यायचे असले की कॉलेजांची एक यादी फिरते. यादीबाहेरचे रेझ्युमे उघडलेच जात नाहीत. आधी सगळ्यांना कोडिंग टेस्ट द्या, यादी नंतर बघा, असं मी म्हणतो. एचआर म्हणतात, हजारो रेझ्युमे येतात, नावाची चाळणी फुकट मिळते. त्यांचं चूक नाही, फुकट मिळतेच. मित्र अशाच चाळणीतून दोन वर्षं गळत होता. शेवटी सपोर्टच्या नाइट शिफ्ट करून हिंजवडीला पोचला. यंदा आमच्या टीमपुरती टेस्ट आधी ठेवायला मॅनेजर कसाबसा तयार झालाय. तपासायला माणसं मीच जमवायची, या अटीवर.