न भरणारी टाकी

घर जुनं झालं की आपल्याकडे माणसं दोन गोष्टी अभिमानानं सांगतात. एक, बोअरला किती फुटांवर पाणी लागलं. आणि दुसरी, "आपली संडासची टाकी वीस वर्षं झाली, एकदाही उपसावी लागली नाही." चिखलीत ऐका, मेहकरात ऐका, मलकापुरात ऐका, वाक्य साधारण हेच असतं. ऐकणारा मान डोलावतो आणि मिस्त्रीचा नंबर मागून घेतो.

या दोन अभिमानांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. पण संबंध आहे.

सेप्टिक टँक म्हणजे जादूची पेटी नाही. घरातून आलेला मैला तिच्यात थांबतो. जड भाग तळाशी बसतो, तेलकट भाग वर तरंगतो, आणि मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी पुढच्या कप्प्यातून बाहेर पडून शोषखड्ड्यात जातं. तळाशी बसलेला गाळ हवेविना जगणारे जिवाणू हळूहळू कुजवतात आणि तो कमी होतो. पण कमी होतो म्हणजे संपत नाही. दरवर्षी थोडा गाळ उरतोच. म्हणून टाकी साधारण दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. टाकी भरणं हा बिघाड नव्हे. ती भरते याचा अर्थ ती आपलं काम करते आहे.

मग वीस वर्षं न भरलेल्या टाकीचं काय? घर बहुतेक काळ बंद नसेल किंवा टाकी अवाढव्य नसेल, तर दोनच शक्यता उरतात. एक तर टाकीला तळच नीट नाही, किंवा भिंतीला भेग आहे, आणि आतलं सगळं जमिनीत जातंय. नाहीतर गाळ पाण्याबरोबर पाइपातून गल्लीतल्या नालीत वाहून जातोय. म्हणजे टाकी भरतच होती, फक्त ती आपल्या अंगणात भरली नाही.

बुलढाण्यात आपण घाटावरचे आणि घाटाखालचे असा भेद करतो. टाकीही तो पाळते. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात काळी चिकणमाती. पावसाळ्यात ती फुगते आणि पाणी जिरवून घेत नाही. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि तिच्याबरोबर कच्च्या बांधकामालाही. त्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा खारपाणपट्टा. तिथं गोड पाण्याचं मोल वेगळं सांगायला नको. घाटावर मातीचा थर बऱ्याच ठिकाणी पातळ, त्याखाली मुरूम आणि मग काळा बेसाल्ट. या खडकाच्या भेगांतून पाणी वाट काढतं, पण भेग म्हणजे गाळणी नव्हे. मातीत हळूहळू मुरताना पाण्यातली घाण जेवढी अडते, तेवढी भेगेतून धावताना अडत नाही. आपल्या टाकीतून निसटलेलं पाणी शेजारच्या बोअरला किंवा गल्लीतल्या जुन्या विहिरीला जाऊन मिळू शकतं. अभिमानाची दोन वाक्यं जमिनीखाली अशी भेटतात.

आता खरा प्रश्न. जे मला दिसत नाही, ज्याचा वास मला येत नाही, आणि जे करायचा माझा हेतूही नव्हता, त्याची जबाबदारी माझी कशी?

"मला माहीत नव्हतं" हे उत्तर आपल्याला सगळ्यात सोयीचं वाटतं, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. पण माहीत नसण्याचे दोन प्रकार आहेत. एक, जिथं कळण्याचा मार्गच नसतो. दुसरा, जिथं आपण तो मार्ग स्वतःच बंद केलेला असतो. टाकीवर पोर्च काढून, वर चकचकीत टाइल्स बसवून, झाकण कुठं होतं हेच विसरून जाणं हा दुसरा प्रकार आहे. तिथं अज्ञान आपोआप आलेलं नसतं, आपण मिस्त्रीला मजुरी देऊन ते बांधून घेतलेलं असतं. अशा अज्ञानाला निरागस म्हणता येत नाही.

आणि मग एके दिवशी टाकी तुंबते. बहुधा घरात लग्न असताना किंवा ऐन पावसाळ्यात. तेव्हा सगळ्यांना घाई असते. टँकर गल्लीत शिरत नाही, नाहीतर गाळ इतका घट्ट झालेला असतो की पाइप ओढत नाही. कुणीतरी म्हणतं, "एक माणूस आहे, तो उतरतो." 

हे वाक्य घरातल्या घरात, चहा पिता पिता बोललं जातं, म्हणून साधं वाटतं. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. सुरुवातीला त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. म्हणजे धोका जास्त होतो तेव्हाच इशारा बंद पडतो. उतरलेला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात एकाच टाकीनं असे पाच जीव घेतले. 

२०१३ च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाकडून गटार किंवा सेप्टिक टँक साफ करून घेणं गुन्हा ठरवलं. हा कायदा फक्त नगरपालिकेला आणि ठेकेदाराला लागू आहे, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे कुणालाही या कामाला लावणारी कोणतीही व्यक्ती त्यात येते. घरमालकही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गटारात मृत्यू झाल्यास द्यायची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली.

"पण तो स्वतःच्या मर्जीनं उतरला ना? पैसे ठरवून घेतले ना?" हा युक्तिवाद वरवर पाहता मजबूत आहे. दोन सज्ञान माणसांनी व्यवहार ठरवला, तिसऱ्यानं का बोलावं? पण मर्जीला मर्जी म्हणायचं तर समोर निदान दोन रस्ते हवेत. ज्याच्या घरी आजचा चुलाच या पैशांवर पेटणार आहे, आणि ज्याच्या जातीकडे पाहूनच त्याला फोन लावला गेला, त्याच्या "हो"मध्ये त्याचं स्वतःचं किती आणि आपल्या समाजाचं किती? स्वतःला विचारून पाहावं: हेच काम, हेच पैसे, मी माझ्या भावाला सांगेन का? उत्तर "नाही" असेल, तर आपण मजुरी दिलेली नसते. एका जिवाची किंमत आपल्याला परवडेल अशी लावलेली असते.

हा हिशोब आपल्या मातीला नवा नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा गावात शिरले की आधी हातात खराटा घेत. रात्रीचं कीर्तन नंतर. कोकणातल्या अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात संडास सफाईचं काम मागितलं. ते सवर्ण म्हणून त्यांना ते नाकारलं गेलं, तेव्हा त्यांनी उपोषण केलं, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही अन्न सोडलं. एक माणूस घाण काढण्याचा हक्क मागतो आणि सरकार जात पुढे करून नाही म्हणतं, हे आज वाचताना विचित्र वाटतं. पण त्या हट्टामागचा विचार सरळ होता. घाण सगळ्यांची असेल, तर तिचं काम जन्मानं एकाच्याच वाट्याला का?

सेप्टिक टँक आली तेव्हा डोक्यावरची मैल्याची टोपली गेली, हे खरंच मोठं पाऊल होतं. पण टोपली रोज दिसायची. टाकीनं तेच काम तीन वर्षांवर ढकललं आणि सिमेंटखाली झाकलं. जे रोज दिसतं त्याची कधीतरी लाज वाटू शकते. जे दिसतच नाही त्याची लाज कशी वाटणार?

मग प्रत्येकानं आपली टाकी आपणच उपसावी का? अजिबात नाही. त्या टाकीत कुणीच उतरू नये, आपणही नाही. ते काम यंत्राचं आहे. पण यंत्र बोलावलं म्हणजे सुटलो, असंही नाही. टँकर गाळ घेऊन गेला, तो कुठं रिकामा झाला? गावाबाहेरच्या नाल्यात? कुणाच्या वावरात? साखळी पुढे पुढेच जाते. ही जबाबदारी थांबते कुठं?

एकट्या माणसाच्या चांगुलपणावर सोडली तर कुठंच थांबत नाही, आणि म्हणून कुणी ती घेतही नाही. साताऱ्यातल्या वाईनं आणि नाशिकमधल्या सिन्नरनं यावर व्यवहारी उत्तर काढलं. शहरातल्या टाक्या तुंबायची वाट न बघता साधारण तीन वर्षांतून एकदा पाळीनं उपसायच्या आणि गाळ प्रक्रिया केंद्रात न्यायचा. मला यात नीतीचा एक धडा दिसतो. चांगुलपणा आठवणीवर चालत नाही, तो वेळापत्रकावर चालतो. आपल्या नगरपालिकेला, ग्रामपंचायतीला हे मागणं म्हणजे तक्रार करणं नव्हे, आपला वाटा उचलणं आहे.

आणि जे मागावं लागत नाही, ते तर आजही करता येतं. झाकण उघडं पडेल असं ठेवणं. सॅनिटरी पॅड, वाइप्स, उरलेलं तेल संडासात न टाकणं. ॲसिडचा मारा न करणं, कारण आत काम करणारे जिवाणू त्यानं मरतात. टँकरवाल्याला भावाबरोबर आणखी दोन प्रश्न विचारणं: माणूस उतरणार नाही ना, आणि गाडी कुठं रिकामी करणार? घर भाड्याचं असेल तर हेच प्रश्न मालकाला विचारणं.

गाडीचा पीयूसी कधी संपतो, रिचार्ज कधी संपतो, हे फोन आपल्याला आठवणीनं सांगतो. त्याच फोनमध्ये टाकी शेवटची कधी उपसली ती तारीख घालून ठेवता येते. तारीख घरात कुणालाच माहीत नसेल, तर ती विचारण्यापासून सुरुवात करावी. आणि उत्तर "वीस वर्षांत कधीच नाही" असं आलं, तर मान डोलावू नये. शेजाऱ्याचा बोअर किती अंतरावर आहे, ते आधी बघून यावं.