दिलेली वस्तू आणि राबणारे हात

दान दिलेली वस्तू दात्याच्या हातून सुटली, की तिच्याविषयीचे त्याचे उत्तरदायित्व संपते काय? प्रश्न जुनाच आहे. धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत, असे आपल्याकडे म्हणतात आणि घेणाऱ्याला ते लहानपणापासून ऐकविले जाते. देणाऱ्याने गायीबरोबर वैरणही द्यावी की काय, ह्याविषयी मात्र ती म्हण मौन पाळते. करोना महामारीनंतर ह्या जुन्या प्रश्नाला एक नवे रूप आले. ते सर्वांत ठळकपणे दिसले अमेरिकेत, म्हणून आरंभही तेथूनच करणे आम्हांस योग्य वाटते.

११ मार्च २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष जो बायडन ह्यांनी 'अमेरिकन रेस्क्यू प्लॅन' ह्या कायद्यावर स्वाक्षरी केली. त्या कायद्याने राज्ये, शहरे, कौंट्या आणि तेथील आदिवासींची शासने ह्यांच्यासाठी ३५,००० कोटी डॉलर राखून ठेवले. कौंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्या जिल्ह्यासारखा घटक. केवळ कौंट्यांच्याच वाट्याला ६,५१० कोटी डॉलर आले. पुढील तीन-चार वर्षांत अनेक कौंट्यांनी आणि नगरपालिकांनी ह्या निधीचा काही भाग स्थानिक सेवाभावी संस्थांना दिला, आणि त्यांतील कित्येक अनुदाने विशेषेकरून साधनसामग्रीच्या खरेदीसाठी होती. कोणाला फ्रीझर मिळाला, कोणाला थंड मालाची वाहतूक करणारी गाडी, कोणाला संगणक, कोणाला स्वयंपाकघरातील मोठ्या शेगड्या.

ह्या वस्तू चैनीच्या नव्हत्या, हे आधीच सांगितले पाहिजे. २०२० ह्या एका वर्षात अमेरिकेत सुमारे सहा कोटी लोकांनी धर्मादाय अन्नवाटपाचा आधार घेतला, असा तेथील अन्नपेढ्यांच्या राष्ट्रीय संघटनेचा अंदाज आहे. डबाबंद अन्न फळीवर रचून ठेवता येते. दूध, भाजी, मांस तसे ठेवता येत नाही. चांगले अन्न द्यायचे, तर थंडावा हवाच. त्यातच ह्या संस्थांत राबणारे स्वयंसेवक बहुधा निवृत्त, वयस्क. साथीच्या भीतीने तेच घरी बसले. रांग वाढली आणि हात कमी झाले.

येथे एक जुनी हकीकत आमच्या वाचकांना जवळची वाटेल. अन्नपेढीची आधुनिक कल्पना ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरात १९६७ साली आकारास आली. जॉन व्हॅन हेंगेल हे गृहस्थ तेथील सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या भोजनगृहात सेवा करीत असत. दुकानांतून टाकून दिले जाणारे चांगले अन्न गोळा करून गरजूंच्या हाती पोहोचवावे, हा ध्यास त्यांनी घेतला. सेंट मेरी धर्मग्रामाने त्यांना एक रिकामी पडलेली इमारत आणि ३,००० डॉलर दिले. त्यातून सेंट मेरीज फूड बँक उभी राहिली. जगातील पहिली अन्नपेढी म्हणून तिचा उल्लेख होतो. ह्या हकीकतीतील क्रम आम्हांस महत्त्वाचा वाटतो. राबणारा माणूस आधी होता. इमारत मागून आली, आणि ती त्या माणसाकडे पाहून दिली गेली.

महामारीनंतरच्या अनुदानांत हा क्रम पुष्कळ ठिकाणी उलटला. ह्याचा दोष कायद्याला देता येणार नाही. कायद्याने वेतनाला मनाई केली नव्हती. उलट, साथीच्या काळात अत्यावश्यक काम करणाऱ्यांना ताशी १३ डॉलरपर्यंत जादा मोबदला देण्याची तरतूद त्यात होती आणि सेवाभावी संस्थांचे कर्मचारीही तीत बसू शकत. वस्तूंकडे कल झुकला तो दुसऱ्या कारणाने. हा पैसा एकदाच येणारा होता. ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत तो कोणत्या कामी लावायचा हे करारबद्ध करावयाचे, आणि ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत तो खर्चून संपवावयाचा, अशी मुदत घातलेली. एकदाच मिळणाऱ्या पैशातून दरवर्षी लागणारा खर्च अंगावर घेऊ नये, असा सल्ला शासकीय वित्ताधिकाऱ्यांच्या तेथील संघटनेने दिला होता. माणूस नेमला, तर पुढील वर्षी तो पुन्हा पगार मागणार. फ्रीझर मागत नाही.

हा विचार शहाणपणाचा आहे आणि त्याला कंजूषपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. हा सारा पैसा कर्ज काढून उभारलेला होता. आज त्या फ्रीझरमधले दूध पिणारी मुलेच उद्या करदाते होऊन त्याची परतफेड करणार आहेत. अशा पैशाला हात घालताना विश्वस्ताने दहादा विचार करावा, हेच बरे.

तरीही फ्रीझर काही मागत नाही, हे खरे आहे काय? समजा, एखाद्या लहान गावातील अन्नवाटप केंद्राला एक गाडी आणि दोन मोठे फ्रीझर मिळाले. गाडीला चालक हवा, इंधन हवे, विमा हवा. फ्रीझर रात्रंदिवस वीज खातो. तो बिघडला, तर आतले सारे अन्न एका रात्रीत जाते. साठवण वाढली म्हणून माल वाढतो. माल वाढला म्हणून तो निवडणारे, तारखा पाहणारे, पिशव्या भरणारे हातही वाढावे लागतात. म्हणजे एकदाच द्यावयाची म्हणून दिलेली वस्तू दरवर्षी मागणे मांडते. फक्त ते दात्यापुढे न मांडता घेणाऱ्यापुढे मांडते. आणि घेणारा ते कोठून भागविणार? रविवारच्या थाळीतून, वृद्धांच्या लहान लहान देणग्यांतून, किंवा आहे त्या दोन पगारी माणसांना तिसऱ्याचे काम सांगून. ज्याची ऐपत सर्वांत कमी, त्याच्याच माथी दानाचा न संपणारा भाग येतो.

पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९८१ साली 'लाबोरेम एक्झेर्चेन्स' हे श्रमविषयक परिपत्रक काढले. भांडवलापेक्षा श्रमाला अग्रक्रम आहे, हे त्यातील एक मुख्य सूत्र आहे. यंत्रे, साधने, साठा ही सारी माणसाच्या श्रमाची निष्पत्ती आणि त्याच्या श्रमाची साहाय्यक, कर्ता माणूसच. ते लिहिताना त्यांच्यासमोर कारखाने होते, सेवाभावी संस्था नव्हत्या. पण सूत्र येथेही तंतोतंत लागू पडते असे आम्हांस वाटते. कारखानदाराने माणसापेक्षा यंत्राला जपले, तर आपण त्यास दोष देतो. दाता तेच करतो तेव्हा आपण त्याचा सत्कार करतो.

अमेरिकेतील नियमांत एक भेद आहे, तो ह्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. संस्थेला हा निधी दोन नात्यांनी मिळू शकत असे. साथीमुळे तिचे स्वतःचे नुकसान झाले म्हणून मिळाला, तर ती लाभार्थी; शासनाच्या वतीने लोकांची सेवा करण्यासाठी मिळाला, तर ती शासनाच्या कामातील भागीदार. लाभार्थीवर देखरेखीचा भार जवळजवळ नाही. भागीदाराने मात्र महागड्या साधनांची नोंदवही ठेवावयाची: वस्तूचे वर्णन, क्रमांक, किंमत, खरेदीची तारीख, मालकी कोणाची, सध्या कोठे व कोणत्या स्थितीत आहे. निदान दोन वर्षांतून एकदा प्रत्यक्ष मोजदाद करावयाची, आणि मूळ कामासाठी गरज उरली नाही तर वस्तूचे काय करावे हे वरून विचारावयाचे.

पुष्कळांना पहिले नाते अधिक उदार वाटेल. आमचा कौल दुसऱ्याकडे आहे. जो विचारतो, तो निदान संबंध तोडीत नाही. वस्तू तुमची नव्हे, तुमच्याजवळ ठेवलेली आहे, हे त्या नोंदवहीच्या प्रत्येक पानावरून कळते, आणि सार्वजनिक पैशाच्या बाबतीत ते सत्यच आहे. उणीव एवढीच, की त्या वहीत यंत्राचा क्रमांक असतो. ते चालविणाऱ्याचे नाव कोणत्याच रकान्यात नसते. शिवाय ही नोंद एका नगाची किंमत ५,००० डॉलर किंवा त्याहून अधिक असेल तरच लागे, आणि ऑक्टोबर २०२४ पासून नव्या अनुदानांसाठी ती मर्यादा १०,००० डॉलर झाली. लहान केंद्रातला साधा फ्रीझर तिच्या खालीच राहतो. त्याची विचारपूस त्या केंद्राच्या समितीनेच करावयाची.

ह्यात आपण दुरून पाहणारे आहोत, असे कोणी समजू नये. आपल्याकडील खासदार स्थानिक विकास निधी डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाला आणि टिकाऊ सामूहिक मालमत्ता निर्माण करणे, हाच त्याचा गाभा आहे. कामाच्या जागी खासदाराच्या नावाचा फलक लावावा, असेही त्याचे नियम सांगतात. पगारावर फलक लावता येत नाही, ही पगाराची मोठीच अडचण आहे! एप्रिल २०२० मध्ये महामारीसाठी हा निधी थांबविण्यात आला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. मधल्या काळात, मे २०२० मध्ये, पीएम केअर्स निधीतून ५०,००० व्हेंटिलेटरांसाठी २,००० कोटी रुपये जाहीर झाले. पुढील वर्षीच्या दुसऱ्या लाटेत देशाच्या निरनिराळ्या भागांतून बातम्या आल्या, की यंत्र आहे, पण ते चालविणारा प्रशिक्षित माणूस नाही. तेथे प्रश्न वीजबिलाचा नव्हता, श्वासाचा होता.

मग घेणाऱ्याने नकार द्यावा काय? हा ह्या विषयातील सर्वांत कठीण भाग आहे. पुढील वर्षीच्या बिलाला भिऊन समितीने फ्रीझर नाकारला, तर समितीचे हिशेब स्वच्छ राहतील. पण शनिवारी रांगेत उभी असलेली आई दुधाविना परत जाईल. आपल्या संस्थेचे डोके शांत राहावे म्हणून तिने उपाशी जावे, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस वाटत नाही. दारात हत्ती नको हे खरे. पण भूक दारात उभी असताना ती म्हण फारशी उपयोगी पडत नाही. म्हणून सरसकट नकार आम्ही मान्य करीत नाही. मान्य नाही ते मौन. अर्ज करताना वस्तूची किंमत तेवढी लिहावयाची आणि तिला जगविण्याचा खर्च मनात ठेवावयाचा, ही घेणाऱ्याची लाचारी आहे. आणि तो खर्च ठाऊक असूनही न विचारणे, ही देणाऱ्याची सोय आहे. पुढील दहा वर्षांचा पगार कोणतीही कौंटी बांधून देऊ शकणार नाही, हे कबूल. परंतु गाडीच्या किमतीत निदान पहिल्या दोन वर्षांच्या चालकाचे वेतन धरणे, किंवा दोन फ्रीझरांऐवजी एक देऊन उरलेल्या पैशातून तो सांभाळणाऱ्या बाईचे तास वाढविणे, एवढे तर करता येते. त्यात फ्रीझर एक कमी भरतो, हे मान्य करूनच आम्ही हे म्हणतो.

आपल्या धर्मग्रामांतही हे प्रसंग येतात. कोणी रुग्णवाहिका देऊ करतो, कोणी वाचनालयाला संगणक, कोणी वृद्धाश्रमाला कपडे धुण्याचे मोठे यंत्र. स्वीकृतीचा ठराव लिहिण्यापूर्वी समितीने त्याच कागदावर चालकाचा पगार, डिझेल, विमा, दुरुस्ती आणि वीज हे आकडे मांडावेत, आणि रात्री दोन वाजता फोन आला तर गाडी कोण काढणार, त्याचे नावही लिहावे. तो कागद दात्याला दाखवावा. काही दाते परत जातील. जे थांबतील, त्यांच्याशी पुढील वर्षाविषयी बोलता येईल.