स्मृती गेली, तरी आई कोण?

‘फादर, आई मला ओळखत नाही. मग मी जिच्या उशाशी बसतो, ती कोण?’ पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन देण्यासाठी फिरत असता एका घराच्या ओटीवर मुलाने मला विचारले. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ते उत्तर नव्हते, हे त्यालाही कळले आणि मलाही.

जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे १९०१ साली डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी आउगुस्टे डेटर या ५१ वर्षांच्या रुग्ण स्त्रीला नाव विचारले. ती म्हणाली, ‘आउगुस्टे’. पतीचे नाव विचारले, तरी उत्तर तेच. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, अशा अर्थाचेही ती बोलली. १९०६ साली ती वारली, तेव्हा तिच्या मेंदूत डॉक्टरांना प्रथिनांची पुटे आणि पेशींच्या आत तंतूंचे गुंते आढळले.

अलीकडे संशोधकांची दृष्टी पेशीतील तंतुकणिकांकडे, म्हणजे मायटोकाँड्रियांकडे वळली आहे. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, परंतु ऊर्जा तो सुमारे २० टक्के वापरतो. ग्लुकोज व प्राणवायू यांपासून ही ऊर्जा मुख्यतः तंतुकणिकाच निर्माण करतात. त्या दुर्बळ झाल्या की पेशीपेशींमधील संदेशवहन मंदावते. विस्मरण उघड होण्याच्या कित्येक वर्षे आधी मेंदूचा ग्लुकोजवापर घटू लागतो, असे तपासण्यांत दिसते. तंतुकणिकांचा ऱ्हास आधी आणि पुटे नंतर, अशी उपपत्ती २००४ साली मांडली गेली. तो वाद अद्याप मिटलेला नाही.

कुटुंबांना हे ठाऊक असणे अगत्याचे आहे. दुपारी पोटभर जेवलेली सासू तासाभराने शेजारणीला सांगते, ‘सुनेने मला जेवू घातले नाही.’ गाव विश्वास ठेवतो. (गावाला अशा बातम्या फार आवडतात.) वास्तविक सून उपाशी ठेवीत नाही आणि सासू खोटे बोलत नाही, उपासमार चालली आहे ती मेंदूतील पेशींची.

पण येथेच एक खड्डा आहे. सासूचा आजचा संशय जर केवळ पेशींची भूक असेल, तर तिची कालची माया ही केवळ पेशींची तृप्ती होती काय? सतराव्या शतकातील इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी व्यक्तीची ओळख तिच्या जाणिवेच्या सातत्यावर उभी केली. त्यांचे म्हणणे काटेकोरपणे मानले, तर त्या मुलाची आई घरातून केव्हाच निघून गेली आहे. मला ते मान्य नाही. संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकातच नोंदवले होते की, स्मरणाचे इंद्रिय बिघडले की माणसाला पूर्वी कळलेल्या गोष्टींचे आकलनही अडते. शरीराचा बुद्धीच्या कार्याशी असलेला संबंध त्यांनी नाकारला नाही. मात्र अडते ते कार्य. ज्याचे कार्य आहे तो माणूस उणा होत नाही. त्या आईची माया खरीच होती, आणि जिने ती केली तीच आज खाटेवर आहे. तिचे मातृत्व मुलाला ओळखण्यावर कधीच अवलंबून नव्हते. मूल तिला ओळखू लागण्यापूर्वीही ती आईच होती.

पुढच्या पहिल्या शुक्रवारी हे मी त्या मुलाला सांगितले. मानसिकदृष्ट्या अपंग असलेले श्रद्धावंत आपल्या कुटुंबाच्या वा समुदायाच्या श्रद्धेत कम्युनियन स्वीकारतात, असे पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ साली लिहिले, तेही सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. त्याची अडचण वेगळीच होती.

‘फादर, तिने ओस्ती तोंडातून बाहेर टाकली तर?’

‘लहानसा तुकडा चमचाभर पाण्याबरोबर देऊ,’ मी म्हणालो. ‘टाकलाच, तर पेल्यातल्या पाण्यात विरघळवू. ती काळजी माझी. तू फक्त तिचा हात धरून बस.’