चूक सांगणारी भाषा

डेन्मार्कच्या दक्षिण सीमेजवळच्या ट्यॉनर या छोट्या गावात, शिक्षक तयार करणाऱ्या महाविद्यालयात बर्गे ख्रिस्तेन्सेन संगणक शिकवत. विद्यार्थ्यांचे बेसिक भाषेतले प्रोग्रॅम तपासताना ते वैतागत. ‘गोटू’ या आज्ञेने एका ओळीवरून दुसरीवर मारलेल्या उड्यांमध्ये कुठली ओळ कुठे पोचते, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नसे. १९७३च्या सुमारास बेनेडिक्ट लफ्स्टेड यांच्या साथीने त्यांनी बेसिकचा सोपेपणा आणि पास्कलची शिस्त एकत्र आणणारी कोमॅल ही भाषा आखली. पुढे ती डेन्मार्कच्या शाळांमध्ये रुजली आणि कमोडोर ६४सारख्या घरगुती संगणकावरही आली.

या भाषेच्या कर्त्यांनी भाषांतर कशाचे केले आणि कशाचे टाळले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. इफ, रिपीट, अन्टिल, प्रोक या आज्ञा त्यांनी इंग्रजीतच ठेवल्या. मात्र कमोडोरमध्ये खोचायच्या कार्ट्रिजवरचे कोमॅल चुका सांगताना डॅनिशमध्येही बोलू शकत असे. ओळ टाइप करून रिटर्न दाबताच ती तपासली जाई आणि चूक असेल तर कर्सर नेमका तिथे जाऊन थांबे. शिकणाऱ्याला आज्ञा मोजक्याच लागतात आणि त्या चार दिवसांत पाठ होतात. चुका मात्र रोज नव्या होतात. अडलेल्या मुलाला यंत्र काय म्हणते ते कळले नाही, तर ते यंत्रावर नव्हे, स्वतःवर चिडते आणि उठून जाते.

आज्ञांचे भाषांतर करणे अवघड होते म्हणून ते टाळले गेले, असे समजायचे कारण नाही. कमोडोर ६४च्या बेसिकमध्ये प्रिंट हा शब्द स्मृतीत अक्षरांनी साठवलाच जात नाही. त्याच्या जागी १५३ हा एक आकडा बसतो, आणि प्रोग्रॅम पडद्यावर दाखवताना रॉममधल्या तक्त्यातून शब्द काढून तिथे छापला जातो. हा तक्ता बदलला की तोच प्रोग्रॅम दुसऱ्या भाषेत वाचता येईल. आजच्या एक्सेलमध्ये हेच घडते. जर्मन माणसाने ‘झुमं’ असे लिहून केलेली बेरीज आपल्या संगणकावर ‘सम’ म्हणून उघडते, कारण फाइलमधली खूण एकच असते. शब्द थेट अक्षरांतच साठवले, तर मात्र पंचाईत होते. फ्रान्सने १९८५ साली शाळांना सुमारे १,२०,००० संगणक देण्याची योजना जाहीर केली. त्यातल्या थॉमसन यंत्रांवर लोगो या भाषेतल्या, पडद्यावर चालणाऱ्या कासवाला फ्रेंचमध्ये आज्ञा देता येत. लहान मुलांसाठी ते योग्यच होते. पण इंग्रजी पुस्तकातला लोगो प्रोग्रॅम तिथे जसाच्या तसा चालत नसे, प्रत्येक आज्ञा बदलून घ्यावी लागे.

भाषा समजण्याआधी ती हाती पडावी लागते. कोमॅलची ०.१४ ही फ्लॉपीवरची आवृत्ती लोकांनी मोकळेपणाने एकमेकांना द्यावी, अशी मुभा होती. ती चढवल्यावर स्वतःच्या प्रोग्रॅमसाठी जेमतेम दहा हजार बाइट उरत, तर विकत घेतलेल्या कार्ट्रिजवर सुमारे तीस हजार. तरीही माझ्या मते या भाषेला दूरवर नेले ते त्या अपुऱ्या फ्लॉपीनेच. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात कोमॅलप्रेमींचा गट उभा राहिला. मूठभर लोकांच्या भाषेला दुकानाच्या फळीवर जागा क्वचितच मिळते. तिची प्रत काढायला बंदी असेल, तर ती हौशी लोकांपर्यंत पोचण्याआधीच संपते.

भारतात १९८४ साली क्लास या शालेय योजनेत बीबीसी मायक्रो आला. याच यंत्रासाठी इंग्लंडमध्ये अकॉर्नसॉफ्टने कोमॅल रॉमवर काढले होते. आपल्या वर्गांत मात्र यंत्र बोलले ते फक्त इंग्रजीतून. खरी तांत्रिक अडचण होती, हे मान्य करायला हवे. डॅनिशला तीनच जादा अक्षरे लागतात, तर देवनागरीच्या वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत मावणे कठीण. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेल्या जिस्ट कार्डाने ही अडचण पीसीवर सोडवली. त्यानंतर युनिकोड आले. म्हणजे ती सबब कधीच संपली आहे.

आज पायथन ३मध्ये ‘बेरीज’ किंवा ‘विद्यार्थी’ हे चलाचे नाव म्हणून सरळ चालते. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाला ते लिहून दाखवा, त्याचा चेहरा खुलेल. पण एक कंस राहिला की समोर येणारा निरोप इंग्रजीतच असतो. मराठीत प्रोग्रॅमिंग आणू पाहणारे बरेच जण आधी ‘जर’ आणि ‘तर’ यांच्या मागे लागतात. मला ही उलटी सुरुवात वाटते.

नवी भाषा घडवायची गरज नाही. संगणक शिकवणाऱ्या शिक्षकांनी आपल्या वर्गात वारंवार दिसणारे एरर मेसेज टिपून ठेवावेत. प्रत्येक मेसेज का येतो आणि आधी काय तपासायचे, हे त्याच्याखाली दोन सोप्या मराठी वाक्यांत लिहावे, आणि ते कागद कुणालाही छापता, बदलता, वाटता येतील असे मोकळे सोडावेत. ज्यांना जमेल त्यांनी तेच मजकूर मुक्त सॉफ्टवेअरमध्ये घालावेत. हे काम मराठी येणाऱ्यांनीच करायचे आहे. येत्या जूनमध्ये शाळा उघडण्याआधी निदान पहिले वीस मेसेज लिहून काढा.