डेफिनेटली

आमच्या किनवटला शब्दांचे दुर्भिक्ष कधीच नव्हते. पैनगंगेच्या काठी वसलेल्या या गावात मराठीच्या जोडीला तेलुगू, उर्दू, गोंडी, कोलामी, बंजारी अशा किती तरी बोली कानावर पडतात. 1956 पर्यंत हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो नांदेडकडे आला. जुनी माणसे कुणाला शब्द देताना ‘जरूर येतो’ म्हणत. आता त्याच ओट्यांवर ‘डेफिनेटली येतो’ ऐकू येते.

हे इंग्रजी क्रियाविशेषण मोठे गमतीचे आहे. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘फिनिस’ हा शब्द आहे. फिनिस म्हणजे हद्द, शीव. ज्याची शीव आखलेली आहे ते डेफिनेट. (ज्या गावाची शीवच एका जिल्ह्यातून दुसऱ्यात गेली, त्या गावाला हा शब्द इतका का आवडावा, देव जाणे!) इंग्रजांनीही तो आधी ‘नेमकेपणाने, मोघम न ठेवता’ अशा अर्थी वापरला, ‘खात्रीने’ ही छटा मागाहून बळावली. तेव्हा ‘डेफिनेटली येतो’ म्हणणाऱ्याने कोणत्या दिवशी आणि कोणत्या गाडीने, हे सांगायला हवे. होते मात्र उलटेच. ज्याचे तिकीट काढून झालेले असते तो म्हणतो, ‘धनत्रयोदशीला नंदिग्रामने उतरतो.’ ज्याचे काहीच ठरलेले नसते, त्याला डेफिनेटलीचा टेकू लागतो.

मग हे खोटे बोलणे म्हणायचे काय? आमच्या शेजारच्या मावशींचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे. दसऱ्याच्या सुमारास फोनवर तो हा शब्द उच्चारतो आणि मावशी करंज्यांचे सारण वाढवतात. गेल्या दोन दिवाळ्या तो आला नाही. तरीही त्याला खोटारडा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बोलतो त्या क्षणी त्याला यायचेच असते. पण इच्छा निराळी आणि वचन निराळे. इच्छा आपल्या मनात राहते. वचन दुसऱ्याच्या घरात जाऊन बसते. तिथे त्याच्यासाठी रवा भाजला जातो, अंथरूण उन्हात पडते. म्हणून मला वाटते, त्याचा दोष त्या शब्दात नाही. सुट्टी मिळत नाही हे कळल्यावर फोन न करता जे चार दिवस जातात, त्या दिवसांत तो आहे.

आपली मराठी याबाबतीत सावध. निघताना आपण ‘येतो’ म्हणतो, पण कधी येणार हे कोणी विचारत नाही. आणि ‘बघतो, जमलं तर’ यातला नकार दोघांनाही न बोलता कळतो. पोराने तेवढेच म्हणावे, असे मी एकदा मावशींना सुचवले. त्या सोऱ्या धूत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘बघतो म्हणाला, तर मी करंज्या कोणासाठी करू?’