त्या व्हिडिओत हसणारा मीच आहे

माझ्या फोनमध्ये अकरा सेकंदांचा एक व्हिडिओ आहे. त्यात फारसं काही दिसत नाही. हलणारी झुडपं, थोडं आकाश, मध्येच माझा अंगठा. ऐकू मात्र सगळं येतं. डबे बडवल्याचा आवाज, कुत्र्यांचं भुंकणं, "गेलो, गेलो, खाली गेलो!" अशी आरोळी आणि मग बंदुकीचा बार. बार झाल्या झाल्या कुणीतरी मोठ्याने हसतं. ते हसणं माझं आहे.

हा व्हिडिओ मी कुठेही टाकला नाही. डिलीटही केला नाही. लोकलमध्ये रेंज गेली की गॅलरी चाळता चाळता तो समोर येतो आणि दर वेळी मी आवाज बंद करतो.

ऑक्टोबर २०२३. नवरात्राच्या सुट्टीत मी आणि बिल्डिंगमधला मित्र हर्षिल मध्यरात्रीनंतर ठाण्याहून तुतारी एक्स्प्रेसने निघालो. आम्ही दोघंही मुलुंडचे. माझं गाव कणकवली तालुक्यात, आणि हर्षिलला एकदा 'रिअल कोकण' बघायचं होतं. त्याच्या घरी कांदासुद्धा येत नाही. काकीने त्याच्यासाठी वेगळं पातेलं काढून ठेवलं होतं.

काका आम्हाला आधी शेतात घेऊन गेला. भात पिवळं पडायला लागलं होतं, आठवड्या-दोन आठवड्यांत कापणीला येणारं. पण तीन कुणगे असे दिसत होते की जणू रात्री कुणी त्यात कुस्ती खेळलंय. लोंब्या चिखलात दाबलेल्या, मेरा उकरलेल्या. रानडुक्कर खातं त्याहून जास्त तुडवतं. काका काही बोलला नाही. वाकून एक आडवी झालेली लोंबी उचलली, हातावर चोळली, दाणे तोंडात टाकले आणि म्हणाला, "सकाळी हाको घालूया."

परवानगीचा कागद त्याच्याकडे होता. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. शिकारीला तो बंदी घालतो, पण त्याच्याच कलम ११ मध्ये एक वाट ठेवलेली आहे. एखादा प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका ठरला, तर वन विभाग त्याला मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. मालमत्तेत उभं पीकही येतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे, म्हणजे ही वाट त्याला लागू होते. काकाची बंदूकही शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची, एकनळी. तेव्हा आम्ही जे केलं ते कायदेशीर होतं. हे सांगतोय कारण पुढचा प्रश्न कायद्याचा नाही.

सकाळी अंगणात तेरा माणसं जमली. चुलतभाऊ, शेजारचे, वरच्या वाडीतले दोन म्हातारे, आम्ही दोघं आणि चार कुत्री. काकाने नियम सांगितले. वारा कुठून येतो ते बघायचं, कारण डुकराचे डोळे अधू असले तरी नाक तिखट असतं. मादीबरोबर पिल्लं दिसली तर सोडायची. आणि शेवटचा नियम त्याने आम्हा सगळ्यांकडे बघून सांगितला: "आवाजार बार घालूचो नाय. जनावर डोळ्यांनी दिसला तरच. दशरथान काय केल्यान ता ठावक आसा मां?" सगळे हसले, पण शरयूच्या काठी घडा बुडवल्याचा आवाज ऐकून बाण सोडणारा राजा कुणाला माहीत नाही? झाडीत हललं म्हणून गोळी घातली आणि पुढे माणूस निघाला, अशा बातम्या आजही येतात.

बंदुका दोन. त्या खाली व्हाळाच्या तोंडाशी बसल्या. बाकीच्यांनी वरून रांग धरून रान हाकत खाली यायचं. माझ्या हातात काठी, हर्षिलच्या हातात तेलाचा रिकामा डबा. आणि मग जे सुरू झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. इतकी माणसं, एक रेघ, एक आवाज. काटे लागत होते, कळत नव्हतं. डावीकडून कुणी ओरडलं की मी ओरडायचो, माझं ऐकून उजवीकडचा. कान, डोळे, पाय, सगळं एकाच कामाला लागलेलं. नोटिफिकेशनशिवाय इतका वेळ मी कधी जगलो होतो, आठवत नाही. सगळ्यात जोरात डबा हर्षिल बडवत होता.

मग समोरचं झुडूप फुटलं आणि काहीतरी काळं, ठेंगणं, भलतंच वेगवान खाली गेलं. मी फोन काढला. बार. माझं हसणं.

व्हिडिओ तिथे संपतो. दिवस संपला नव्हता.

डुक्कर पडलं नव्हतं. पानांवर रक्त होतं. काका म्हणाला, जखमी जनावर सोडून घरी जायचं नाही. आम्ही पाच-सहा जण दोन तास त्या रक्ताच्या मागे गेलो. मला वाटलं होतं तेवढं ते नव्हतंच. एका पानावर थेंब, मग वीस पावलं काही नाही, मग दगडावर पुसल्यासारखी रेघ. शेवटी ते व्हाळाच्या चिखलात बसलेलं सापडलं. त्याचा श्वास ऐकू येत होता. आमच्याकडे बघून ते उठायचा प्रयत्न करत होतं आणि मागचा पाय साथ देत नव्हता. काकाने जवळ जाऊन दुसरा बार टाकला. या वेळी कुणी हसलं नाही.

ते जिथून उठलं होतं ती जागा येताना मला चुलतभावाने दाखवली. करवंदीच्या जाळीखाली उकरलेला खोलगट गारवा. "ह्यो तुझ्या बापाशीचो वाटो," तो सहज म्हणाला. माझे बाबा १९९१ मध्ये मुंबईला आले. त्यांच्या वाट्याची जमीन तेव्हापासून पडीक आहे. तिच्या शेजारी बोरिवलीला गेलेल्या एकाची, त्यापलीकडे घाटकोपरच्या कुणाची. पूर्वी डुक्कर लांब रानात असायचं, रात्री शेतात यायला त्याला उघड्यावरून चालावं लागायचं. आता गावातली निम्मी शेती झुडपांखाली गेली आहे आणि डुकरं भाताच्या मेरेला लागूनच राहतात. काकाच्या शेतात जे घुसत होतं ते आमच्या घरातून येत होतं.

संध्याकाळी वन विभागाची माणसं आली, पंचनामा झाला आणि डुक्कर पुरलं. परवानगीने मारलेला प्राणीही कलम ३९ नुसार सरकारची मालमत्ता असतो. म्हातारे जुन्या काळाचं सांगत बसले. तेव्हा वाटे पडायचे. बंदुकीचा एक, हाक्याला आलेल्या प्रत्येकाचा एक, कुत्र्याचासुद्धा एक. आता खड्ड्यावर माती ओढली आणि सगळे हात धुऊन घरी गेले.

परतीच्या गाडीत हर्षिल बराच वेळ गप्प होता. पनवेल आल्यावर म्हणाला, "मी काही मारलं नाही असं मी घरी सांगू शकतो. पण तो माझ्या डब्याला घाबरून तिकडे पळाला ना?" थोड्या वेळाने पुन्हा: "आणि यार, मजा आली होती."

तो हे बोलला आणि माझा प्रश्न मला सापडला. मारणं गरजेचं होतं की नाही, याचं उत्तर माझ्याकडे आहे. होतं. पुढच्याच वर्षी, २०२४ च्या ऑक्टोबरात, विधानसभेची आचारसंहिता लागली तेव्हा काकाची बंदूक पोलीस ठाण्यात जमा होती आणि भात शेतात उभं होतं. त्या हंगामात अर्धं गेलं. पण गरज होती म्हणून मजा का यावी?

तुम्ही म्हणाल, काय फरक पडतो? डुक्कर हसून मारलं काय आणि रडून मारलं काय, त्याला सारखंच. हा युक्तिवाद मी स्वतःला पुष्कळ दिवस ऐकवला. पण समजा, घरातल्या म्हाताऱ्या, आजारी कुत्र्याला डॉक्टरांनी शेवटचं इंजेक्शन दिलं. ते योग्यच होतं. आणि सुई काढताना डॉक्टर शीळ घालत असतील तर? कृती तीच, औषध तेच. तरी त्या डॉक्टरांकडे आपण दुसरं कुत्रं नेणार नाही. म्हणजे मारणाऱ्याच्या मनात काय चाललंय याचा हिशेब आपण ठेवतोच.

मग मी स्वतःची समजूत घातली की मला मजा मारण्याची आलीच नव्हती. ती होती सगळ्यांनी मिळून काहीतरी करण्याची, अंगातलं सगळं एका जागी येण्याची, काकाला माझा उपयोग होण्याची. हे खरं आहे. पण व्हिडिओ ऐकला की कळतं, हसू नेमकं बारावर येतं. आधी नाही, नंतर नाही. जंगलातून नुसतं ओरडत फिरलो असतो तर अर्ध्या तासात कंटाळलो असतो.

शेवटी मी काकालाच फोनवर विचारलं. मला वाटलं होतं तो चिडेल. तो म्हणाला, "माका पण मजा येता. चाळीस वर्सां येता. खोटा कशाक बोलू? पण त्या राती भात जेवूक बसलंय काय घशात वायच अडाकता." आणि जरा थांबून, "ज्या दिवशी अडकाचा नाय, त्या दिवशी बंदूक कायमची जमा करतलंय."

मी या वाक्यावर खूप विचार केलाय. काकाचं ते घशातलं अडकणं नुसतं हळवेपण असतं तर डुकराला त्याचा काही उपयोग नव्हता. पण त्याचे सकाळचे नियम आठवून बघा. पिल्लवाली मादी सोडायची. दिसल्याशिवाय बार नाही. जखमी जनावराच्या मागे दोन तास जायचं. यातलं निम्मंही कुठल्या कागदात लिहून त्याच्या हातात कुणी दिलेलं नाही. घशात अडकलेलं दुसऱ्या दिवशी नियम होऊन बाहेर येतं. मजा येणारा माणूस मला आता तितका भीतीदायक वाटत नाही. ज्याला मजाही येत नाही आणि काही अडकतही नाही, त्याची भीती वाटते.

आणि तो माणूस मुलुंडला राहतो. आमच्या सोसायटीत उंदीर झाले, गाड्यांच्या वायरी कुरतडायला लागले, तेव्हा ग्रुपवर मीच लिहिलं होतं, 'कोणीतरी बंदोबस्त करा.' वॉचमनने चिकट पॅड लावले. त्यावर उंदीर मरत नाही, चिकटून राहतो. सकाळी पॅड दुमडून डब्यात जातो, आतलं जिवंत असलं तरी. मला यात ना मजा आली, ना जेवताना काही झालं. म्हणूनच कुठला नियमही करावासा वाटला नाही. त्या उंदरांपैकी एकाच्याही मागे मी दोन पावलं गेलेलो नाही.

महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा एक खाटीक आहे, धर्मव्याध. विद्वान कौशिक ब्राह्मण त्याच्याकडे धर्म शिकायला येतो आणि दुकान बघून दचकतो. व्याध सांगतो की मी स्वतः मारत नाही, दुसऱ्यांनी मारलेल्या डुकरांचं आणि रेड्यांचं मांस विकतो. पण तेवढ्यावर तो स्वतःला निर्दोष ठरवून थांबत नाही. पुढे तो नांगराबद्दल बोलतो: शेतीला सगळे चांगलं काम म्हणतात, पण जमीन नांगरताना किती जीव मरतात? हिंसेतून पूर्ण सुटलेला कुणीच नाही, असं त्याचं म्हणणं. शाळेत ही गोष्ट मला 'कोणतंही काम हलकं नसतं' या तात्पर्यासाठी सांगितली होती. आता वाचताना मला वेगळंच दिसतं. रक्ताचा संबंध मान्य करणारा त्या गोष्टीत फक्त खाटीक आहे.

मुंबई महापालिकेकडे मूषक संहारक असतात. रात्री टॉर्च आणि काठी घेऊन गल्लीबोळांत उंदीर मारणारी माणसं. एका रात्रीत तीस मारायचे, सकाळी मोजून द्यायचे, असा हिशेब वर्षानुवर्षं चालत आलेला आहे. लेप्टो आणि प्लेगच्या भीतीने शहराला हे काम लागतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त ते आपण झोपल्यावर होतं.

गेल्या पावसाळ्यात उशिरा घरी येताना त्यांच्यातला एक जण आमच्या गेटपाशी भेटला. पन्नाशीचा, रेनकोट, खांद्याला पिशवी. किती झाले विचारलं तर म्हणाला, "अठरा. अजून बारा व्हायचेत." मग त्याने मला विचारलं, "तुमच्या बिल्डिंगला बिळं कुठल्या बाजूला आहेत, साहेब?"

मला ठाऊक होतं. मागे, मीटरच्या खोलीजवळ. मी त्याला घेऊन गेलो आणि बोटाने दाखवलं. त्याने टॉर्च लावला. मी सवयीने लिफ्टकडे वळलो होतो, मग परत फिरलो आणि त्याचं काम होईपर्यंत तिथे उभा राहिलो.

त्या रात्री आईने भात झाकून ठेवला होता. तो जेवायला मला बराच वेळ लागला.